पिवळा कागद संपला तेव्हा

सोमवार, ३ मार्च

खोऱ्यातलं डायलिसिस केंद्र एकतीस मार्चला बंद होणार. हे भाऊजींनी सांगितलं. त्यांना तिथल्या यंत्रचालकाने सांगितलं, आणि त्याला त्याच्या कंत्राटाच्या पत्राने. तीन ठिकाणांहून खात्री. वर्तमानपत्रात असते तर एवढ्यावर बातमी सोडली असती.

पण चौथी खात्री माझ्याकडेच आहे, आणि ती सगळ्यात पक्की. आमच्या अर्थखात्यातल्या ७ फेब्रुवारीच्या बैठकीचं टिपण मीच लिहिलं होतं. त्यात कुठल्याही केंद्राचं नाव नव्हतं. 'कमी वापराच्या सात सुविधांचे समायोजन' असं होतं. समायोजन हा शब्दही माझाच. उपसचिवांनी 'बंद करणे' लिहिलं होतं, ते मी बदललं. सोबत सात नावांची यादी जोडलेली होती. मी ती उघडून पाहिली नाही. टिपण चार वाजता द्यायचं होतं, मी पावणेचारला दिलं. शाबासकी मिळाली.

आज यादी उघडली. तिसऱ्या ओळीत ताईचं केंद्र.

मंगळवार, ४ मार्च

अर्धा दिवस रजा टाकून इथल्या मोठ्या इस्पितळात गेले. ताईला माझ्याकडे आणायचं आणि इथे यंत्रावर बसवायचं, असा साधा हिशेब. खिडकीतल्या कारकुनाने वही उलटली. पुढचा नंबर अठ्ठावन्न.

"म्हणजे कधी?"

"सप्टेंबर धरा."

"आत्ता मार्च आहे."

"माहीत आहे बाई. कॅलेंडर माझ्याच पाठीमागे टांगलंय."

नंबर घेतला. चिठ्ठी पाकिटात ठेवली. खाजगी ठिकाणी विचारलं तर माझा महिन्याचा पगार सतरा दिवस पुरेल. घर गहाण टाकलं तर वर्षभर. मग पुढे?

ताईला आठवड्यातून तीनदा लागतं. एक वेळ चुकली तर पाय सुजतात. दोन चुकल्या तर ती उशीला टेकून बसून झोपते. तिसरी कधी चुकलेली नाही. दुसरं केंद्र पाच तासांवर आहे. जायला पाच, यायला पाच, मध्ये यंत्रावर चार. तिच्या मणक्याला हे झेपणार नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय.

बुधवार, ५ मार्च

ताईचा फोन. ती यंत्रावरूनच बोलते, चार तास करायचं काय म्हणून. डाव्या हाताला शस्त्रक्रिया करून रक्तवाहिन्या जोडल्यात, तिथे रक्ताची सारखी घरघर जाणवते. ताई म्हणते, हातात मांजर पाळलंय.

"मांजर काय म्हणतंय?" मी विचारलं.

"विचारतंय, तुझ्या सरकारने आमचं दूध का तोडलं."

तिला समजावून सांगितलं. तीन वर्षांपूर्वी राजधानीने आमच्या प्रादेशिक सरकारला स्वतःचा कर ठरवायचा अधिकार दिला. म्हणजे वेगळी चूल दिली. बोली अशी की जेवढं तुम्ही स्वतः गोळा कराल, तेवढंच वरून आम्ही घालू. आमच्या मंत्र्यांनी गेल्या वर्षी कर रुपयामागे अर्ध्या पैशाने उतरवला. टाळ्या पडल्या. मग राजधानीनेही हात तेवढाच आखडला. एकाचे दोन गेले. आणि ते गेले दुर्गम भागाच्या निधीतून, कारण बाकी सगळीकडे ओरडणारे जास्त आहेत.

ताईने हिशेब ऐकून घेतला. मग म्हणाली, "म्हणजे करात माझे वर्षाला किती वाचले गं?"

सांगितलं. तिच्या पेन्शनवर वर्षाचे दोन साबण.

"चला," म्हणाली, "जाताना स्वच्छ तरी जाईन."

मी हसले. फोन ठेवल्यावर हसू थांबवता येईना, मग ते हसू राहिलं नाही.

टिपणाचं तिला सांगितलं नाही.

गुरुवार, ६ मार्च

प्रश्न आला! खोऱ्याच्या सदस्य — आम्ही कार्यालयात त्यांना मास्तरीणबाई म्हणतो, एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून सभागृहात आल्या — त्यांनी नेमकं बोट ठेवलंय. तीन भाग. दुर्गम भाग निधी एक तृतीयांशाने घटला हे खरे आहे काय? असल्यास, त्यामुळे खोऱ्यातील डायलिसिस केंद्र बंद होणार आहे काय? असल्यास, अकरा रुग्णांची पर्यायी व्यवस्था काय?

उत्तर लिहायचं काम माझ्याकडे. दुसऱ्या कोणाकडे असणार? अर्थखात्याची उत्तरं सव्वीस वर्षं मी लिहितेय. त्याआधी सात वर्षं वर्तमानपत्रात होते. तिथे शिकले की पहिल्या वाक्यात सगळं सांगायचं. इथे शिकले की शेवटच्या वाक्यापर्यंत काहीच सांगायचं नाही. वेळ मात्र दोन्हीकडे पाळायची.

लिहिलं:
(१) अंशतः खरे आहे.
(२) सुविधांच्या वापराचा आढावा चालू आहे.
(३) प्रश्न उद्भवत नाही.

हात आपोआप लिहितो. आढावा चालू नाही, तो ७ फेब्रुवारीलाच संपला. पण हे पांढऱ्या कागदावर लिहायचं नसतं. ते पिवळ्यावर जातं.

आमची ही पद्धत मी इथे कधी लिहिलेली नाही. मंत्र्यांच्या फाईलीत पांढरा कागद असतो तो सभागृहात वाचायचा. त्याच्या मागे पिवळा — खरी हकीगत, सदस्य उलटून काय विचारतील, काय सांगू नये. पिवळा फक्त डोळ्यांनी वाचायचा. हे असं करावं लागलं ते आमच्या मंत्र्यांमुळे. त्यांचा आवाज चांगला, खर्जातला. पण समोरचं सगळं ते वाचतात. एका दुखवट्याच्या भाषणात त्यांनी "येथे दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे" हेही गंभीरपणे वाचलं, आणि स्वतः बसून राहिले. त्या दिवसापासून पिवळा कागद.

पिवळ्यावर सगळं खरं लिहिलं. एक पानभर.

शुक्रवार, ७ मार्च

प्रश्नांच्या क्रमाची सोडत निघाली. मास्तरीणबाईंचा प्रश्न सहावा. तासाभरात पाच होतात, फार तर सहा.

रविवार, ९ मार्च

ताईकडे जाऊन आले. पाय सुजलेले नव्हते. भाऊजी दारात बसून केंद्रातल्या लोकांची यादी करत होते, कोण कुठे जाऊ शकेल याची. अकरापैकी सात जणांपुढे गावाचं नाव होतं. चौघांपुढे काहीच नाही. ताई त्या चौघांत.

ताईने यादी हातात घेतली. "अक्षर बघ यांचं. अक्षरावरून लग्न ठरत असतं तर मी सुटले असते."

भाऊजी हसले नाहीत. मला फाटकापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "तू आत असतेस ना सगळ्यांच्या. काहीतरी होईल का?"

"बघते," म्हटलं. आढावा चालू आहे.

मंगळवार, ११ मार्च

प्रश्नोत्तराचा तास अकरा ते बारा. मी अधिकाऱ्यांच्या बाकांवर, मंत्र्यांच्या मागे, फाईल मांडीवर. शेजारी आमचा टंकलेखक. त्याला आम्ही घड्याळ म्हणतो, कारण न विचारता वेळ सांगतो.

पहिला प्रश्न दहा मिनिटांत. दुसरा आठ. मला वाटलं, होईल. तिसरा जमीन नोंदणीच्या शुल्काचा. त्यावर एका सदस्याने आपल्या सासऱ्यांच्या जमिनीची पूर्ण कथा सांगितली. अध्यक्ष म्हणाले, प्रश्न विचारा. ते म्हणाले, तिकडेच येतोय. सासरे वारले, मग वाटण्या झाल्या, मग मेहुणा आला. सगळं सभागृह हसत होतं. मीही एरवी हसले असते.

"अकरा एकोणचाळीस," घड्याळ कानाशी म्हणाला.

चौथा. पाचवा. पाचवा संपला तेव्हा अकरा अठ्ठावन्न. मास्तरीणबाई उभ्या राहिल्या होत्या, चष्मा लावून, हातात कागद. अध्यक्षांनी पुकारायला तोंड उघडलं, आणि मागच्या बाकावरून एकजण उठला — आपला ध्वनिक्षेपक चालत नाही, अशी त्याची हरकत. तो चालत होता. म्हणूनच आम्हाला त्याची हरकत ऐकू आली.

बारा. तास संपला. न पोचलेल्या प्रश्नांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली, असं धरतात. म्हणजे माझी तीन वाक्यं आता सभागृहाच्या नोंदीत कायमची. प्रश्न उद्भवत नाही.

मास्तरीणबाई बसल्या नाहीत. सगळे निघून गेले तरी तशाच उभ्या. मी फाईल आवरत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उत्तर तुम्ही लिहिता ना? भाषा नेटकी आहे. माझ्या वर्गात असता तर पैकीच्या पैकी दिले असते. उत्तर चुकलं असूनही."

बुधवार, १२ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही. एकोणीस दिवस.

गुरुवार, १३ मार्च

मास्तरीणबाई सोडत नाहीत. आज त्यांनी अल्पसूचना प्रश्न दिला. तोच प्रश्न, पण आठवड्याच्या आत आणि सोडतीशिवाय, तास संपल्या संपल्या पहिला घ्यायचा. मंत्र्यांनी मान्य केला तरच येतो. उपसचिवांनी मंत्र्यांना सांगितलं, "घ्या साहेब, उत्तर तयारच आहे, तीन ओळींचं." मंत्र्यांनी सही केली.

म्हणजे अठराला नक्की. पण त्याने काय होणार? उत्तर तेच. बाई उलटून विचारतील, मंत्री म्हणतील आढावा चालू आहे. तीनदा विचारतील, तीनदा म्हणतील. ते कसं म्हणायचं हे मीच शिकवलंय.

शुक्रवार, १४ मार्च

आज उपसचिवांच्या खोलीत गेले आणि सरळ सांगून टाकलं. सव्वीस वर्षांत घरातली गोष्ट कार्यालयात नेलेली नाही. आवाज फुटला तो फुटलाच.

त्यांनी दार लावून घेतलं. माणूस वाईट नाही. पाणी दिलं. मग म्हणाले, "हे मला सांगायला नको होतं तुम्ही. आता हा प्रश्न तुमच्याकडून काढून घ्यायला हवा."

"घ्या."

ते छताकडे बघत राहिले. "कोणाला देऊ? वेळेवर कोणी लिहीत नाही."

"मग राहू द्या."

"राहू दे. पण तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी ऐकलं नाही."

"आणि केंद्र?"

"अहो, मी एका केंद्रासाठी निधी उघडला तर सहा दारं उघडतील. तुम्हीच टिपण लिहिलंय. सात सुविधा. उत्तम टिपण होतं."

बाहेर आले. घड्याळाने माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच वेळ सांगितली नाही.

रविवार, १६ मार्च

इथलं आणखी एक इस्पितळ, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे नंबरही देत नाहीत. "लिहून घेतलं तर लोकांना आशा लागते," असं तिथल्या बाई म्हणाल्या. खरं बोलल्या.

बसथांब्यावर बसून होते. तीन बस गेल्या.

सोमवार, १७ मार्च

आजचं जसं झालं तसं लिहिते.

उद्याची फाईल पाचपर्यंत मंत्र्यांच्या बंगल्यावर पोचायला हवी होती. चार वाजता पांढरं उत्तर काढलं. मग मागची हकीगत नव्याने काढायला गेले (जुना पिवळा तास संपला की फाडायचा असतो), तर पिवळा कागद संपलेला. वर्ष संपत आलं की खरेदी थांबते, तशी थांबलीय.

घड्याळ म्हणाला, "वर नियोजन विभागात गठ्ठा आहे. आणू का?"

"राहू दे. मी जाते."

"चार वीस झालेत."

"जाते म्हटलं ना."

गेले नाही. पांढऱ्यावरच काढलं. नियम असा की पिवळा नसेल तर वर ठळक लिहायचं — केवळ माहितीसाठी, वाचू नये. लिहिलं. पेन्सिलीने, फिकट.

पावणेपाचला फाईल दिली. वेळेच्या आधी.

मंगळवार, १८ मार्च



बारा वाजता अध्यक्षांनी अल्पसूचना प्रश्न पुकारला. मंत्री उठले. पहिलं पान वाचलं, अंशतः खरे आहे, आढावा चालू आहे, प्रश्न उद्भवत नाही. बसले. मास्तरीणबाईंनी उलटून विचारलं, "आढावा कधी संपणार?" मंत्री उठले, पान उलटलं आणि आपल्या त्या खर्जातल्या आवाजात वाचायला लागले.

"केंद्र बंद करण्याचा निर्णय सात फेब्रुवारीच्या बैठकीतच झालेला आहे. अकरापैकी चार रुग्ण अन्यत्र प्रवास करू शकणार नाहीत, असे जिल्हा शल्यचिकित्सकांनी लेखी कळवले आहे. सदर पत्र पटलावर ठेवू नये. सदस्यांनी थेट विचारल्यास तारीख सांगू नये —"

इथे थांबले. वाक्याचा अर्थ पोचायला त्यांना तेवढा वेळ लागला.

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग बरेच हसले. मग हसू ओसरलं, कारण चार रुग्ण हे शब्द तेव्हा कुठे लोकांच्या कानांतून आत गेले होते. 

मास्तरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "वाचा की साहेब पुढचं. छान वाचताय."

उपसचिव माझ्या बाजूला होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोर बघत फक्त म्हणाले, "पिवळा?"

"संपला," मी म्हटलं.

मग गोंधळ. समोरचे बाक सगळे उभे. मंत्र्यांच्या बाजूचेही दोघे उभे, त्यांचेही मतदारसंघ दूरचे. कर कोणी उतरवायला सांगितला होता, साबणाचे पैसे वाचवून माणसं मारताय का — हे कोणी म्हणालं, माहीत नाही. साबण! ताईचंच वाक्य वाटलं. अध्यक्षांनी घंटा वाजवली. शेवटी मंत्री पुन्हा उठले, हातात काही कागद न घेता. मी त्यांना कागदाशिवाय बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आवाज बारीक होता.

म्हणाले, "खोऱ्यातलं केंद्र एक दिवसही बंद राहणार नाही. हे मी सभागृहाला आश्वासन देतो."

"नोंद व्हावी," अध्यक्ष म्हणाले.

सभागृहात दिलेलं आश्वासन पाळावं लागतं. त्याची वेगळी वही असते, वेगळी समिती असते.

पायऱ्या उतरत होते. घड्याळ मागून आला. "एक दहा झाले," म्हणाला. "जेवून घ्या."

बुधवार, १९ मार्च

ताईचा फोन, यंत्रावरून. अकराही जणांनी काल कामकाज मोबाइलवर ऐकलं होतं.

"तुझ्या साहेबाला वाचायला कोणी शिकवलं गं? त्याचा सत्कार करायचाय आम्हाला."

"चूक झाली त्यांची."

"त्याची झाली?" थांबली. "'आढावा चालू आहे' कोणाचं वाक्य ते मला कळत नाही होय? अभ्यास झाला का विचारलं की सातवीपासून हेच सांगायचीस."

  मांजराची घरघर ऐकू येते का म्हणून मी फोन कानाला घट्ट लावून धरला. येत नाही अर्थात.

"नोकरी जाईल का?" तिने विचारलं.

"बघू."

"गेली तर इथे ये. अक्षर चांगलंय तुझं. यांची यादी लिहून दे."

गुरुवार, २० मार्च

उपसचिवांनी बोलावलं. टेबलावर ते पान. पेन्सिलीची ओळ त्यांनी नखाने पुसून पाहिली, पुसली गेली.

"पिवळा का नव्हता?"

"संपला होता."

"वर होता."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

 त्यांनी पान फाईलीत घातलं. "अहवालात 'संपला होता' एवढंच लिहितो. ते खरंच आहे." आणि मग, "खोटं न लिहिता किती लपवता येतं, हे तुमच्याकडूनच शिकलोय."

सोमवार, २४ मार्च

पाच दिवस इतकी शांत झोपले की आज उठायला उशीर झाला. भाऊजी म्हणाले, यंत्रचालकाला नवीन पत्र आलं, वर्षभराचं. ताईने त्याला पेन भेट दिला. आता सही नीट कर म्हणून.

बुधवार, २६ मार्च

आज कळलं. मला आधी सुचायला हवं होतं. मीच या खात्यात सव्वीस वर्षं आहे.

उपसचिवांनी फाईल पुढे ढकलली. "आश्वासन झालं. पैसा आश्वासनातून येत नाही. निधी तेवढाच आहे. एका ओळीतून काढून दुसरीत घालायचा. टिपण लिहा."

मी म्हटलं, कर पाव पैशाने परत वाढवावा, राजधानीचाही वाटा तेवढा वाढेल, सातही सुविधा राहतील. तसं लिहूनच नेलं होतं, एक पान. त्यांनी ते पूर्ण वाचलं, प्रामाणिकपणे वाचलं. मग त्यावर तिरकी रेघ मारली.

"निवडणुकीच्या वर्षात? दुसरं काहीही सुचवा."

"सुचत नाही."

"मग मी सुचवतो." पेन्सिल निधीतल्या सगळ्या सुविधांच्या यादीवरून खाली गेली आणि चौदाव्या ओळीवर थांबली. खाडीपलीकडचं डायलिसिस केंद्र. ते सातांत नव्हतं. त्याला हात लागणार नव्हता.

"किती रुग्ण आहेत?" मी विचारलं.

"नऊ. तुमच्याकडे अकरा. आणि तिथला सदस्य पहिल्यांदाच निवडून आलेला आहे, बोलत नाही फारसा."

मी चौदावी ओळ पुन्हा वाचली. ते म्हणाले, "नाही लिहिलंत तर मी लिहीन. नाहीतर तुमचं केंद्र एक तारखेला बंद राहील आणि आश्वासन मोडलं म्हणून मंत्री जातील. तुम्हीच ठरवा. चारपर्यंत." मग थोड्या मऊ आवाजात, "तुमचा तो शब्द घाला. समायोजन."

गुरुवार, २७ मार्च

लिहिलं. पावणेचारला दिलं.

तो शब्द घातला नाही. 'बंद करणे' लिहिलं. उपसचिवांनी तो बदलून 'समायोजन' केला. अक्षरसुद्धा माझ्यासारखं काढलंय.

ताईचा फोन आला होता. घेतला नाही.

शुक्रवार, २८ मार्च

घेतला. म्हणाली, काल का नाही उचललास? काम होतं म्हटलं. तिच्या पायांना सूज नाही. पुढच्या रविवारी ये म्हणाली. केंद्रातली मंडळी मिळून मास्तरीणबाईंना भेटायला जाणार आहेत, मीही यावं.

"तुझ्याशिवाय झालं असतं का हे," म्हणाली.

तिला सांगायला तोंड उघडलं. मांजर आठवलं. मिटलं.

शनिवार, २९ मार्च

खाडीपलीकडच्या सदस्याचा अल्पसूचना प्रश्न आला. अध्यक्षांच्या कार्यालयाने दुपारी दोनला दुजोरा दिला, मंत्र्यांची सही झाली आहे. सोबत रुग्णांची यादी जोडली आहे, कोणाच्या तरी घरच्या माणसाने हाताने केलेली. नऊ नावं, सहापुढे गाव, तिघांपुढे काही नाही. पिवळा कागद आला, दहा गठ्ठे, माझ्याच टेबलाशेजारी ठेवलेत. उत्तर सोमवारी पाचपर्यंत मी द्यायचं आहे. मंगळवारी बाराला मंत्री उभे राहतील आणि समोर जे असेल ते वाचतील.